अठरा चमचे आणि एक चेतक

गोव्याचा वीकेण्ड म्हणजे शॅक, स्कूटर आणि सोमवारचा हँगओव्हर, हा फण्डा जरा बाजूला ठेवा. भर पावसाळ्यात, पर्समध्ये रंगवलेले प्लॅस्टिकचे चमचे घेऊन, फक्त एक राखाडी रंग शोधायला केलेली ही गोव्याची वारी. वाटेतली सावंतवाडी बोनस!

राखाडी म्हणजे राखाडी, असं तुम्हाला वाटत असेल तर तुम्ही कधी स्केल मॉडेल केलेलं नाही. या छंदातल्या माणसांना विचारा. राखाडीत निळा असतो, हिरवा असतो, तपकिरी असतो. ढगाखालचा असतो, ट्यूबलाइटखालचा असतो. दोन मॉडेलवाले एका राखाडीवर तासभर भांडू शकतात आणि तासाभरानं दोघंही आपापल्या मतावर ठाम असतात!

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. डब्यात प्लॅस्टिकचे सुटे भाग येतात. ते कापायचे, घासायचे, चिकटवायचे, रंगवायचे आणि खऱ्या यंत्राची छोटी आवृत्ती उभी करायची. १/७२ स्केल म्हणजे खऱ्यातले ७२ सेंटिमीटर मॉडेलमध्ये एक सेंटिमीटर. माझं मॉडेल अलूएट-३ या फ्रेंच हेलिकॉप्टरचं आहे, म्हणजेच आपलं चेतक. खऱ्याची बॉडी साधारण दहा मीटर लांब, माझ्याकडची चौदा सेंटिमीटर. ऑफिसच्या डेस्कवर की-बोर्डच्या मागे आरामात मावेल एवढी.

अलूएट-३ पहिल्यांदा उडालं १९५९ साली. बंगळुरूच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सनं १९६२ मध्ये त्याच्या उत्पादनाचा करार केला आणि राणा प्रतापांच्या घोड्याचं नाव त्याला दिलं. पुढे मोठा गोल काचेचा बुडबुडा, मागे उघडंबोडकं इंजिन, तीन पात्यांचा रोटर, तीन चाकं. सीट्स एकूण सात. हायफाय काहीच नाही. पण विक्रांतवरून विमानं उडताना-उतरताना बाजूला हवेत थांबून राहायचं आणि कुणी पाण्यात पडला तर त्याला उचलायचं, हे काम याचंच. नौदलाच्या ३२१ क्रमांकाच्या चेतक पथकाचं टोपणनावच मुळी ‘एंजल्स’!

मॉडेल माझं असलं तरी हेलिकॉप्टर बाबांचं. बाबा नौदलात होते. उडवणारे नव्हे, उडण्याजोगं ठेवणारे. कोची, गोवा, मुंबई अशी सगळी उमेदीची वर्षं त्यांनी चेतकच्या खाली, वर आणि आत काढली. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आमचा डोंबिवलीतला दुसरा मजला त्यांना एव्हरेस्ट वाटायला लागला. खाली उतरणं कमी झालं, मग बोलणंही. ऑगस्टमध्ये त्यांची पंचाहत्तरी होती. त्यांच्या बरोबरचे सहा-सात जण घरी येणार होते, सगळे चेतकवाले. त्या टेबलावर मला हे हेलिकॉप्टर ठेवायचं होतं आणि ते बघून त्या मंडळींनी ‘छान खेळणं आहे हो’ असं म्हटलेलं मला चालणार नव्हतं.

ऑगस्टमध्ये ठेवायचं, म्हणजे जुलैत रंगवायचं. आणि जुलैतली मुंबई म्हणजे रंगाची सासुरवाडी.

रंग रुसतो तेव्हा

जुलैत आपल्याकडे हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर सहज जाते. आपल्याला फक्त घाम येतो. लॅकर जातीच्या रंगाला पांढरं कोड फुटल्यासारखं होतं. कारण सोपं आहे. लॅकरमधलं थिनर झपाट्यानं उडतं. उडताना पृष्ठभाग गार करतं, कपाळावर कोलन लावल्यावर गार वाटतं ना, तसंच. गार पृष्ठभागावर हवेतली वाफ जमते आणि ओल्या रंगात अडकते. झालं, गडद राखाडीवर दुधाची साय! मॉडेलवाले याला ब्लशिंग म्हणतात.

मॉडेलसाठी वापरतात तो एअरब्रश चालतो कॉम्प्रेसरवर. कॉम्प्रेसर हवा दाबतो, हवेबरोबर तिच्यातलं पाणीही. त्या पाण्याचे थेंब नळीत जमतात आणि नेमके सगळ्यात दर्शनी भागावर थुंकल्यासारखे येऊन पडतात. म्हणून नळीत वॉटर ट्रॅप बसवायचा. पावसाळ्यात तो अर्ध्या तासानं रिकामा करायला लागतो. बरं, लॅकर नको, पाण्यातला अ‍ॅक्रिलिक वापरू म्हणाल, तर तो वाळता वाळत नाही. इनॅमल घेतला तर त्याला हात लावायला आणखी काही दिवस थांबा. आणि इनॅमलच्या थरावर वरून लॅकर मारायचा नाही, खालचा थर सुरकुततो. उलट चालतं.

यावर उपाय आहेत. एसी लावून तासभर खोली कोरडी करायची. थिनरमध्ये रिटार्डर घालायचा, म्हणजे ते सावकाश उडतं आणि पृष्ठभाग एकदम गार पडत नाही. साय आलीच तर वरून नुसत्या थिनरचा अगदी हलका फवारा द्यायचा. रंग पुन्हा थोडा ओला होतो आणि अडकलेलं पाणी निघून जातं. बऱ्याचदा निभावतं. मास्क लावायचा आणि वास बाहेर जायला फॅन हवाच, यात नो कॉम्प्रोमाइज. समोरच्या मोठ्या काचेला सुपर-ग्लू चुकूनही दाखवायचा नाही. त्याच्या वाफेनंच काच धुरकट होते. तिथं आपला साधा पांढरा फेविकॉल, वाळला की पारदर्शक.

एवढं सगळं साधलं. साय गेली, थेंब गेले, फिनिश गुळगुळीत आला. पण बाबांनी चष्मा वर करून एकच शब्द उच्चारला, ‘हा नाही.’

रंग तपासायला मॉडेलवाले प्लॅस्टिकचे चमचे वापरतात. चमच्याला बाक असतो, त्यामुळे रंग सपाट आणि वळणदार भागावर कसा दिसेल ते एकदम कळतं. मी एक-एक शेड मिसळत गेले आणि चमचे दाखवत गेले.

‘हा?’

‘अंहं. हा लोकलच्या डब्याचा.’

‘मग हा?’

‘अगं, हा तर हवाई दलाचा वाटतोय!’

‘मग कसा होता बाबा, सांगा ना नीट.’

‘पाऊस उघडल्यावर समुद्र असतो ना... तसा. बोगमाळोहून दिसतो तसा.’

अठरा चमचे झाले. जुने फोटो काढले, तर ते पिवळे पडलेले. मोबाइलवरचे फोटो बघावेत, तर प्रत्येक फोन स्वतःच्या मर्जीनं पांढरा रंग ठरवतो आणि त्यानुसार राखाडी निळा होतो किंवा तपकिरी. नवा रंग पटकन मागवावा म्हटलं, तर तेही नाही. सॉल्व्हेंटचे रंग ज्वालाग्राही, कुरियरवाले विमानानं नेत नाहीत. ते येणार रस्त्यानं, रमतगमत. मग राहिलं काय? बोगमाळो! तिथं नौदलाचं विमान संग्रहालय आहे आणि तिथं चेतक उभं आहे. शुक्रवारी रात्री कोकणकन्या पकडली. रंगाच्या बाटल्या ट्रेनमध्ये नेता येत नाहीत, पण चमच्यांवर बंदी नाही.

बोगमाळोचा चढ

कोकण रेल्वे पावसाळ्यात वेगळ्या टाइमटेबलवर, जरा बेतानं चालते. दरडी कोसळायची भीती असते म्हणून. आपल्याला काय, खिडकी आहे, बाहेर हिरवा रंग आहे आणि चहा आहे. मी मात्र त्या हिरव्याकडे बघत नव्हते. मी बघत होते ढग. डोंगरावर टेकलेले, नदीत पडलेले, भाताच्या खाचरात साचलेले. राखाडीचा एवढा मोठा कॅटलॉग फुकटात कुठे बघायला मिळणार!

मडगावला उतरून वास्को आणि तिथून बोगमाळो. विमानतळाच्या मागून रस्ता जातो. दाबोळी हा मुळात नौदलाचा तळ, आयएनएस हंसा, आणि आपली प्रवासी विमानं तिथल्या धावपट्टीवर उतरतात. संग्रहालय त्याच रस्त्यावर आहे, १९९८ मध्ये सुरू झालेलं. गोव्याला वीस वेळा जाऊन आलेल्या लोकांना विचारा, बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. फ्लाइट लवकर गाठायची म्हणून बाजूनं गेलेले असतात, बस.

गेटवर पर्स तपासली गेली. गार्डनं अठरा चमचे बाहेर काढले आणि माझ्याकडे असं काही बघितलं! ‘आइसक्रीम कुठंय?’ मी कारण सांगितलं. त्यानं माझ्याकडे आणखी विचित्र नजरेनं बघितलं, पण सोडलं.

आत उघड्यावर विमानं उभी आहेत. विक्रांतवरून उडणारी सी हॉक आणि अलिझे. २०१६ मध्ये निवृत्त झालेलं, जागच्या जागी वर उचललं जाणारं सी हॅरियर. एकावर एक उलट्या दिशेनं फिरणारे दोन रोटर असलेलं, शेपटीला पंखाच नसलेलं रशियन कामोव्ह-२५. आणि सगळ्यांच्या डोक्यावर सावली धरल्यासारखं चार इंजिनांचं सुपर कॉन्स्टेलेशन. आधी एअर इंडियात, मग हवाई दलात आणि शेवटी नौदलात नोकरी करून इथं येऊन थांबलेलं. आपण तीन वर्षांत तीन कंपन्या बदलतो आणि स्वतःला प्रोफेशनल म्हणवतो. ही बाई आपल्या खूप आधीची!

आणि मग चेतक. एवढं छोटं? खरं सांगते, आधी हेच वाटलं. वॅगन-आरला रोटर लावल्यासारखं. समुद्रावर, वाऱ्यात, खाली बुडणारा माणूस आणि वर एवढंसं हे.

मी पावलं मोजत मागे गेले. याला कारण आहे. १/७२चं मॉडेल आपण हातभर, म्हणजे साधारण ३० सेंटिमीटरवरून बघतो. त्याला ७२नं गुणा. खरं हेलिकॉप्टर २१.६ मीटरवरून बघण्यासारखं ते होतं. एवढ्या अंतरावर मधली हवा रंगात मिसळते आणि तो थोडा फिका, थोडा मवाळ दिसतो. म्हणून खऱ्या डब्यातला रंग जसाच्या तसा मॉडेलवर मारला तर ते जड, काळपट वाटतं. बावीस मीटरवर उभी राहून मी चमचे एक-एक करून डोळ्यासमोर धरले. ढग होता तेव्हा सातवा जुळला. ऊन आलं आणि अकरावा जुळला. मग सर येऊन गेली, ओल्या पत्र्यावर चौथा जुळला. वीस मिनिटांत तीन उत्तरं!

तिथं देखभालीचं काम करणारे एक काका केव्हापासून बघत होते. जवळ आले. चमच्यांची भानगड ऐकून हसले आणि म्हणाले, ‘मॅडम, इथला रंग बघून काय करणार? समुद्र इथं बाजूलाच आहे. खारा वारा रंग खातो. रंग पुन्हा पुन्हा द्यावाच लागतो. हा रंग हेलिकॉप्टरचा नाही, संग्रहालयाचा आहे.’

एका रात्रीचा प्रवास, आणि उत्तर हे! जाणकार मॉडेलवाले हे नेहमी सांगतात की संग्रहालयातलं विमान हा आकाराचा पुरावा असतो, रंगाचा नाही. पुस्तकातली गोष्ट समोर उभी राहिली की वेगळीच लागते.

मी बाबांना व्हिडिओ कॉल लावला. रंगासाठी नव्हे, रंग फोनवर कळणार नाही हे माहीत होतं. नुसतं, तुमचं हेलिकॉप्टर बघा म्हणून.

‘डावीकडे जा.’ बाबा एकदम म्हणाले. आवाज वेगळाच. ‘अजून. आता खाली वाक. ते पुढचं चाक दाखव. हां. तिथं गुडघा टेकून बसायचो आम्ही. आता मागं चल, इंजिनाकडे. एक्झॉस्ट दिसतोय? त्याच्या मागची शेपटी बघ. ती अशी स्वच्छ कधीच नसायची. काजळी! हात फिरवला की हात काळा. समुद्रावरून आलं की आधी गोड्या पाण्यानं आंघोळ घालायची, मीठ राहिलं की संपलं. पुसून-पुसून तिथला रंग उडायचा. मग ब्रशनं टचअप.’

‘कुठल्या रंगानं?’

‘जो डबा उघडा असेल त्यानं! प्रत्येक लॉटचा राखाडी वेगळा. दरवाजा एका वर्षीचा, शेपटी दुसऱ्या वर्षीची. उन्हात राहिलेली बाजू फिकी. एकच रंग कुठे होता, बाळा?’

तब्बल चाळीस मिनिटं ते बोलत होते. गेल्या सहा महिन्यांत मिळून बोलले नसतील एवढं. मी फोन धरून हेलिकॉप्टरभोवती प्रदक्षिणा घालत होते आणि देखभालवाले काका माझ्यावर छत्री धरून उभे होते. मध्येच त्या दोघांचं आपापसात सुरू झालं, कुठल्या साली कुठे होतात वगैरे. मी नुसती ट्रायपॉड!

संध्याकाळी बोगमाळोच्या किनाऱ्यावर गेले. पाऊस नुकताच उघडला होता. बाबांनी सांगितलेला समुद्र समोर होता. लाटेच्या पोटात एक, फेसाजवळ दुसरा, क्षितिजावर तिसरा. चमचे मी पर्समधून काढलेच नाहीत.

सावंतवाडीचा धडा

परतीला रविवारी सावंतवाडीला उतरा, असा माझा आग्रह आहे. गावात मोती तलाव, तलावाच्या काठी राजवाडा आणि चितारआळीत लाकडी खेळण्यांची, रंगीत फळांची दुकानं. राजवाड्यात अजूनही हातानं गंजिफा रंगवतात. गंजिफा म्हणजे आपले जुने गोल पत्ते. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पत्ते, एकूण १२०.

मला बघायचं होतं ते वेगळंच. कोकणातल्या पावसात, एसी नसलेल्या काळात, या लोकांनी रंग वाळवला कसा? पत्ता एकदम रंगवत नाहीत. आधी चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड यांचा थर, तो वाळवायचा, गुळगुळीत घोटायचा. मग रंग, तोही पातळ. वरून लाखेचा लेप. म्हणजे आमचं प्रायमर, पॉलिशिंग, रंग आणि क्लिअर कोट. नावं फक्त इंग्रजी झाली! एका कारागिरांना पावसाचं विचारलं तर मान वर न करता म्हणाले, ‘पावसात घाई करूक नाय.’ एवढंच. पुन्हा रेष ओढायला लागले. आमच्या टीम लीडला हे वाक्य फ्रेम करून द्यायला हवं.

चितारआळीतून एक लाकडी आंबा घेतला आणि रात्री सावंतवाडी रोडहून गाडी पकडली.

शेवटी रंग कुठला?

चारही! घरी आल्यावर सातव्या चमच्याचा रंग पातळ करून पूर्ण बॉडीवर दिला. एका बैठकीत एकच थर, मध्ये पूर्ण दिवस सुट्टी. वरच्या बाजूला अकरावा, ऊन खाल्लेला. एका दरवाजाला चौथा. शेपटीवर ब्रशनं दोन-तीन ठिपके बाराव्याचे. मग ग्लॉस कोट, कारण मॅट पृष्ठभागावर स्टिकर-नंबर लावले की खाली हवा अडकते आणि कडा चंदेरी चमकतात. नंबर बसल्यावर वरून मॅट. शेवटी एक्झॉस्टच्या मागे काजळी. बाबा शेजारी खुर्ची घेऊन बसले होते. ‘अजून... अजून थोडी... बस!’ त्या आठवड्यात रोज संध्याकाळी ते माझ्या टेबलाशी असायचे. एकदा तर मी ऑफिसातून यायच्या आधी स्वतःच खाली जाऊन बारीक ब्रश घेऊन आले होते. दोन मजले उतरून आणि चढून.

पंचाहत्तरीला सगळे आले. केक बाजूला राहिला. मॉडेल हातोहात फिरलं आणि अपेक्षेप्रमाणे राखाडीवरून जुंपली. एक काका म्हणाले, हा कोचीचा. दुसरे म्हणाले, छट्, हा मुंबईचा, आपण तेव्हा बरोबर होतो. नौदलात आता नवी हेलिकॉप्टर्स आली आहेत. एमएच-६०आरचं पहिलं पथक २०२४ मध्ये कोचीत दाखल झालं, तेही राखाडीच. पण त्या खोलीत फक्त एकच हेलिकॉप्टर होतं.

सगळ्यात वयस्कर काकांनी ते डोळ्याजवळ नेलं. शेपटीवरच्या काजळीवर नखानं हलकेच खरवडल्यासारखं केलं आणि बाबांकडे बघून खास ऑफिसरी आवाजात विचारलं, ‘आज धुवायची ड्यूटी कुणाची होती रे?’

बाबा उठून उभे राहिले. आधाराशिवाय.

जायचं असेल तर...

• संग्रहालय बोगमाळो रस्त्यावर, दाबोळी विमानतळाजवळ. सोमवारी बंद असतं. वास्कोहून टॅक्सीनं जवळ पडतं.

• विमानानं जाणार असाल तर तिकीट नीट बघा. २०२३ पासून गोव्याला दोन विमानतळ आहेत. संग्रहालय दाबोळीला लागून आहे. मोपा पार उत्तरेला, पेडण्यात.

• विमानं उघड्यावर आहेत. पावसाळ्यात छत्री, उन्हाळ्यात टोपी. आतल्या दालनांसाठी तासभर वेगळा ठेवा.

• सावंतवाडी रोड स्टेशन गावापासून काही किलोमीटर लांब आहे. राजवाडा आधी, चितारआळीतली खरेदी नंतर. उलट केलंत तर ओझं घेऊन फिराल.

• पावसाळ्यात कोकण रेल्वेचं टाइमटेबल बदलतं. निघण्याआधी वेळ तपासा.

• घरी कुणी जुनं माणूस त्या यंत्रावर काम केलेलं असेल, तर फोन फुल चार्ज करून न्या.